परवानगीशिवाय

ता. ३ जून

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर पाहूनच ओळखलं. तीस वर्षं फळ्यावर नद्या-डोंगर काढूनसुद्धा तुमचं अक्षर बिघडलं नाही. आमचं मात्र नुसत्या सह्या करून करून कोंबडीचे पाय झालं आहे. पत्र माझ्या नावानं नव्हतं. ‘मा. अध्यक्ष, निवृत्त सेनाधिकारी संघ’ असा रीतसर पत्ता, आत रीतसर अर्ज. अध्यक्ष मीच आहे हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे, तरी अनोळखी माणसानं दार वाजवावं तसा तुमचा अर्ज आला. थोडं लागलं. मग वाटलं, बरोबरच आहे. वशिला तुम्ही कधी लावला नाहीत, आता कशाला लावाल?

आधी इकडची खुशाली. वसाहतीतली बेचाळीसही घरं आता भरली. दवाखान्यात डॉक्टरीणबाई मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, आणि आम्ही सगळे नऊच्या आधीच रांगेत. रांगेतही हुद्द्यावरून कुरबुर! शेवटी बाईंनी पाटीच लावली: ‘इथे वय चालते, हुद्दा चालत नाही.’ तेव्हापासून जो तो वय वाढवून सांगतो. कॅन्टीनची नवी कार्डं आली. माझ्या कार्डावरच्या फोटोत मी कुठूनतरी पकडून आणल्यासारखा दिसतो. खरी अडचण अशी की इथं सगळेच हुकूम सोडणारे. पाळणारा एकटा माळी, तोही कानानं अधू. तरी बरं चाललं आहे. सकाळी फिरायला सहाजण निघायचो, आता चौघे उरलो. दुपारी पत्त्यांचा डाव असतो. त्याला नेमके चारच लागतात, त्यामुळे आम्ही एकमेकांच्या तब्येतीची फार चौकशी करतो.

संघाचे सचिव म्हणजे आमचे शेजारी, नौदलातले कमांडर. दिवसभर गॅलरीत दुर्बीण घेऊन बसतात, म्हणून सगळे त्यांना ‘दुर्बीण’च म्हणतात. कुणाकडे पाहुणा आला, कुणाचं दूध उतू गेलं, सगळी नोंद त्यांच्याकडे. माणूस सरळ, पण नियमाच्या बाहेर तसूभर सरकायचा नाही.

लेक मजेत आहे. डोळे तपासून तपासून आता माझ्याकडेही रोखूनच बघते. दर वाढदिवसाला तुमचं पत्र येतं त्याची ती वाट पाहत असते. ही गेल्यापासून तर जास्तच. आईच्या वयाचं, आईसारखं बोलणारं तिला तुमच्याशिवाय कोणी नाही.

आता अर्जाचं. वाचनालयासमोर शिळा उभी करतो आहोत हे तुम्हाला कोणी कळवलं कोण जाणे, पण खरं आहे. करड्या दगडाची, पुरुषभर उंच. कर्तव्यावर असताना गेलेल्या आपल्या अधिकाऱ्यांची नावं तिच्यावर कोरायची. तुम्ही लिहिलंत, ‘घर नको, सवलत नको, फक्त नाव असावं, मुलाला एकदा वडिलांचं नाव वाचू दे.’ दुर्बीण यांनी जुनं रेकॉर्ड मागवलं आणि अर्जाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं: ‘मृत्यू कर्तव्यावर नाही. परवानगीशिवाय. नामंजूर करावा.’ खाली माझ्या सहीची जागा सोडली आहे. मी अजून सही केलेली नाही. थोडा धीर धरा.

काल ती फाईल मांडीवर घेऊन बसलो आणि आपला शिट्ट्या आठवत राहिला. तुमच्या-आमच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत होती. सकाळी दाढी करताना तो शीळ घालायचा, आणि तीन वर्षांचं तुमचं पोरगं व्हरांड्यातून ओठांचा चंबू करून नुसती हवा फुंकायचं. अख्ख्या कंपनीत कुणी त्याला कॅप्टन म्हणून ओळखत नव्हतं, सगळ्यांचा तो शिट्ट्या. माझ्यासमोर उभा राहून कडक सलाम ठोकायचा आणि संध्याकाळी माझ्याच खुर्चीत पाय वर घेऊन बसायचा. हिच्या हातचं सूप त्याला आवडायचं आणि तो ते बिनदिक्कत मागून घ्यायचा. ‘साहेबांनी हुकूम केला तर दुसरी वाटीही घेईन,’ म्हणायचा. तसा माणूस पुन्हा भेटला नाही.

तो गेल्यावर नव्वद दिवसांत तुम्हाला घर सोडावं लागलं. ट्रंका बांधायला मी आलो होतो, आठवतं? झाकणावर त्याचं नाव पांढऱ्या रंगात होतं. तुम्ही विचारलंत, ‘भाऊजी, हे पुसायचं की राहू द्यायचं?’ मी नुसते खिळे ठोकत राहिलो.

त्या दिवशी बोलायचं राहून गेलं. पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन.

तुमचा,
भाऊजी


ता. २९ जून

वहिनी,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी पोचेपर्यंत स्वतःचीच लाज वाटू लागली. चार पानं लिहिली आणि मुद्द्याला हात नाही. शाळेत असं उत्तर कोणी लिहिलं असतं तर तुम्ही लाल रेघ मारून वही परत दिली असती. म्हणून आज आधी मुद्दा.

त्या दिवशी शिट्ट्या परवानगीशिवाय गेला नव्हता. मी त्याला पाठवलं होतं.

आता सगळं क्रमानं सांगतो. तुम्ही मुलाला घेऊन माहेरी होता, तुमच्या आईचं ऑपरेशन होतं. ही मोठ्या शहरात इस्पितळात. आपली कंपनी बांधत होती त्या पुलाचे तीन खांब उभे राहिले होते आणि नदी चढायला लागली. सकाळी सात वाजता मीच लेखी हुकूम काढला: पुढची सूचना मिळेपर्यंत कुणीही नदी ओलांडायची नाही. सही माझी, शिक्का माझा.

टेलिफोन पलीकडच्या काठावर, गावातल्या एक्स्चेंजात. आमच्या बाजूची तार दोन दिवसांपूर्वीच पुरात तुटली होती. हिचे दिवस भरलेले. त्याआधी दोनदा आम्ही आशा लावून रिकाम्या हातांनी घरी परतलो होतो, ते तुम्हाला मी काय सांगू. तेव्हा हिच्या उशाशी तुम्हीच होता. दोन दिवस मी नुसता येरझारा घालत होतो. दुपारी आम्ही दोघे जेवायला बसलो. शिट्ट्यानं चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, ‘साहेब, तुमचं ताटात लक्ष नाही. मी जाऊन विचारून येतो.’

माझा हुकूम भिंतीवर टाचलेला होता, आम्ही बसलो होतो तिथून चार हातांवर. मी त्याकडे पाहिलंसुद्धा. आणि म्हणालो, ‘जा.’

काठाकाठाला दोर बांधलेला होता, रबरी होडी होती. दोर धरून होडी ओढत न्यायची. त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो व्यवस्थित पोचला. त्यानं एक्स्चेंजातून फोन लावला, मुलगी झाली हे कळलं. तिथल्या ऑपरेटरनं मला नंतर सांगितलं की कॅप्टनसाहेबांनी दोनदोनदा विचारून घेतलं, आई आणि मूल दोघं सुखरूप ना, वजन किती, रडली का. येताना वरून झाडाचा बुंधा वाहत आला आणि दोर तुटला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी चौकशीला दोन अधिकारी आले. माझ्याच टेबलाशी बसले. त्यांतल्या वडीलधाऱ्यानं विचारलं, ‘तुमची लेखी बंदी होती. मग कॅप्टन गेले कसे?’ मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, संपूर्ण प्यालो, खाली ठेवला आणि म्हणालो, ‘परवानगीशिवाय.’

त्यांनी ते लिहून घेतलं. बढतीचा कागद वरती निघालेला होता. पाळण्यात तीन दिवसांची पोर होती. स्वतःचाच हुकूम मोडणाऱ्या अधिकाऱ्याचं काय होतं ते मला पाठ होतं. कारणं पुष्कळ होती, आणि सगळी माझी होती.

तुमचं सगळं त्या एका शब्दानं नेलं. घर, इस्पितळाचं कार्ड, मुलाची सैनिकी शाळेतली जागा. पण ते मी धरून चाललो होतो. सरकारचं नाही तर आपण काहीतरी करू, असं मनाला समजावत होतो. मला कळलं नव्हतं ते वेगळंच. मुलाच्या लग्नाला आलो होतो, तेव्हा तो माझ्याशी बोलत उभा होता. सहज म्हणाला, ‘बाबांना घरापेक्षा मौज प्यारी होती, काका. पूर आलेला असताना गावात हिंडायला गेले.’ कुणीतरी त्याला तसं सांगितलं होतं, आणि सांगणाऱ्याचं चुकलंही नव्हतं. कागदावर तेच होतं. मी त्याच्या पाठीवर थोपटलं, वहिनी. थोपटलं आणि जेवायला गेलो.

तुमच्या अर्जावर मी सही केली नाही. सोमवारी अभिलेख कार्यालयात गेलो. तीन जिने चढून, कारण लिफ्ट बंद होती. तिथल्या कारकुनाला प्रतिज्ञापत्र दिलं. त्यानं दोनदा वाचलं आणि मला बसायला खुर्ची दिली. म्हणाला, ‘साहेब, इतक्या वर्षांनी लोक पदक मागायला येतात. हे सांगायला कोणी आल्याचं मला आठवत नाही.’ मी म्हटलं, पोचपावती द्या.

अध्यक्षपद सोडलं आहे. दुर्बीण यांना कारण सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, ‘घरी माहीत आहे?’ ही गेली ती माहीत नसतानाच गेली. लेकीला अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला कळायला हवं होतं.

तुम्ही उत्तर लिहावं अशी अपेक्षा ठेवत नाही.

भाऊजी


ता. १७ नोव्हेंबर

वहिनी,

तुमचं कार्ड जुलैतच आलं. उत्तर द्यायला मी चार महिने लावले. तब्येत ठीक होती, सवडही होती, सबब काही नाही.

आधी जे कळवण्यासारखं आहे ते. गेल्या आठवड्यात अभिलेख कार्यालयाचा निकाल आला. जुना शेरा रद्द. नव्या नोंदीत शब्द असे आहेत: ‘कर्तव्यावर असताना, वरिष्ठांच्या आदेशानुसार.’ एक प्रत तुम्हाला थेट येईल, एक मुलाला पाठवायला मी सांगितलं आहे. माझ्याबद्दल त्यांनी लिहिलं की फार काळ लोटल्यामुळे कारवाई संभवत नाही, मात्र माझ्या सेवापुस्तकात याची नोंद राहील. ती राहावी.

वसाहतीत ही गोष्ट पसरायची तशी पसरली. पत्त्यांचा डाव मोडला. एकानं मला फाटकाशी गाठून विचारलं, ‘अरे, पत्र लिहून ठेवायचंस, तू गेल्यावर उघडलं असतं. मेलेल्याला आता काय फरक पडतो?’ मी म्हटलं, जिवंत बाईला पडतो. दुसरे एक जण माझ्याशी बोलतच नाहीत. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग येत नाही. दवाखान्याच्या रांगेत माझ्या मागेपुढे जरा जागा सुटते, एवढंच. दुर्बीण मात्र सकाळी अजूनही माझ्याबरोबर फिरायला येतात. या विषयावर बोलत नाहीत, नुसते बरोबर चालतात.

हे एवढं लिहून पत्र संपवता आलं असतं. निकाल तुमच्या बाजूनं लागला, आनंद आहे, कळावे. मी तसं एक पत्र लिहिलंही होतं. फाडलं.

कारण तुमच्या कार्डावर चारच ओळी होत्या, आणि त्यांतल्या शेवटच्या दोन मी रोज वाचतो आहे. ‘एक विचारते. पलीकडे एक्स्चेंज होतं म्हणजे वस्ती होती, मुक्कामाची सोय होती. पाणी चढत होतं. मग हे त्याच दिवशी परत का निघाले?’

भूगोल शिकवणाऱ्या बाईनं नकाशा पाहून विचारावा तसा प्रश्न. चौकशीला आलेल्या दोघांना सुचला नव्हता. प्रतिज्ञापत्र वाचणाऱ्या कोणालाही सुचला नाही. मला चौतीस वर्षं दुसरा प्रश्नच नाही.

त्याचा परत यायचा विचार नव्हता. निघतानाच ठरलं होतं: पाणी वाढलं तर त्यानं तिकडे शाळेत मुक्काम करायचा आणि बातमी खुणेनं कळवायची. त्याच्या गळ्यात पिवळा टॉवेल होता. एकदा हलवला तर मुलगा, दोनदा हलवला तर मुलगी, आणि काही बरं नसेल तर हलवायचाच नाही. साडेतीनपासून मी काठावर उभा होतो. एकटाच, बाकी सगळे वरच्या अंगाला सामान हलवत होते. सव्वाचारला तो पलीकडच्या उतारावर दिसला. टॉवेल डोक्यावर धरून त्यानं दोनदा हलवला, थांबला, आणि मला दिसलं नसेल म्हणून पुन्हा दोनदा. मग दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली असावी, कारण त्याची मान तशी मागे गेली. पाण्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.

मी दोन्ही हात वर केले. उड्या मारल्या, खरंच, अडतिसाव्या वर्षी, चिखलात. बातमी कळली होती. काम झालं होतं. तो वळून वर गेला असता, शाळेच्या ओट्यावर झोपला असता, आणि दोन दिवसांनी पाणी उतरल्यावर शीळ घालत आला असता.

मी हात हलवून त्याला बोलावलं.

त्यानं पाण्याकडे बोट दाखवलं. स्पष्ट दाखवलं, मला दिसलं नाही असं नाही. तो विचारत होता.

मी पुन्हा हात केला. ये.

मग त्यानं टॉवेल कमरेला बांधला, सलाम केला आणि होडी पाण्यात लोटली.

का बोलावलं, हे मी स्वतःला नाना परीनं सांगून पाहिलं. दुसऱ्या दिवशी कामाला माणूस कमी पडला असता. त्याच्याजवळ कोरडे कपडे नव्हते. सगळं खोटं. मला मुलगी झाली होती आणि ते सांगायला माझ्याजवळ कोणी नव्हतं. तिच्या वजनापासून रडण्यापर्यंत सगळं त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तो समोर बसावा, पाय वर घेऊन, आणि त्यानं सांगावं. मला एकट्याला तो आनंद सोसवेना. दोन दिवस थांबायचं होतं, तेवढं मला जमलं नाही.

हेही मी कार्यालयात लिहून दिलं आहे. कारकून म्हणाला, साहेब, यानं निकाल बदलत नाही. मी म्हटलं, बदलायला दिलेलंच नाही, फाईलमध्ये लावा.

लेकीला गेल्या रविवारी सांगितलं. ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘म्हणून माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तुम्ही दुपारनंतर घरात नसायचात.’ मी हो म्हटलं. मग तिनं विचारलं, काकूंना कळवलं का? मी म्हटलं, निम्मं कळवलंय. ती उठली, माझ्यासमोर कागद आणि पेन ठेवलं आणि म्हणाली, ‘निम्मं तर तुम्ही चौकशीतही सांगितलं होतंत, बाबा.’ ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ वाहता ठेवला. हे पत्र मी त्या कागदावर लिहितो आहे. तिलाही तुम्हाला भेटायचं आहे, पण तिचं म्हणणं, पहिल्यांदा काकूंनी बोलवायला हवं.

शिळेचं काम सुरू झालं आहे. शिट्ट्याचं नाव पाथरवट गुरुवारी सकाळी दहाला घेईल. नावाचं स्पेलिंग आणि हुद्दा तुम्ही तपासून पाहावा असं दुर्बीण यांनी कळवायला सांगितलं आहे. तुम्ही पाहिल्याशिवाय छिन्नी लागणार नाही, असा त्यांनी लेखी आदेश काढला आहे. त्यांनी सोबत घराचा अर्जही जोडला आहे. तुम्ही मागितलं नव्हतंत, पण आता तो तुमचा हक्क आहे, आणि हक्काचा कागद न मागता पोचवायचा असतो असं ते म्हणतात. तुम्हाला तुमच्या दोन खोल्याच बऱ्या वाटतील, मला कल्पना आहे. पण कधी यावंसं वाटलं आणि मी शेजारी नको असेन, तर मी लेकीकडे राहायला जाईन. तिच्याशी बोलून ठेवलं आहे. गुरुवारी मी तिथं असावं की नसावं, तेही तुम्हीच सांगायचं. सांगितलं नाहीत तर मी घरात असेन, दार लोटून.

मुलाला माझ्या तोंडून सांगायला हवं, पण तो ऐकेल की नाही ठाऊक नाही, म्हणून तुम्हीच सांगा. त्याचे वडील हिंडायला गेले नव्हते. ते सांगितल्यावरून गेले आणि बोलावल्यावरून परत निघाले. पाणी किती आहे ते त्यांना दिसत होतं. त्यांनी विचारलंही होतं. नदी ओळखण्यात त्यांची चूक झाली नाही. माणूस ओळखण्यात झाली.

क्षमा मागत नाही, वहिनी. ती मागितली की द्यायची की नाही हे ओझं पुन्हा तुमच्यावरच येतं, आणि तुम्ही पुष्कळ उचललं आहे.

त्या दिवशीचा त्याचा
कमांडिंग ऑफिसर